नगरपरिषदेसाठी नवं बोधचिन्ह करायचंय: स्पर्धा, मालकी, छपाई याबद्दल माहिती हवी

घाटवाट

आमच्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आणि नगरपंचायतीची क वर्ग नगरपरिषद झाली. पाट्या, पावत्या, शिक्के सगळंच बदलायचं आहे, तर त्याबरोबर बोधचिन्हही नवं करा असा ठराव सभेत झाला. खुली स्पर्धा घ्यायची, पहिलं बक्षीस ५१ हजार, निवड समितीत पाच जण. त्यात मी आहे.

सध्याचं चिन्ह ग्रामपंचायतीच्या काळापासून चालत आलेलं आहे. गोलात देवळाचा कळस, मागे किल्ला, त्यामागे उगवता सूर्य, खाली धरणाच्या लाटा, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला उघडं पुस्तक, मध्ये दातेरी चक्र. कडेने नाव आणि संस्कृत ब्रीदवाक्य. पावतीवर छापलं की निव्वळ काळा डाग दिसतो.

विचारायचं ते असं:
१) स्पर्धेच्या अटी कशा असाव्यात? चिन्हाची मालकी नगरपरिषदेकडे नीट येण्यासाठी काय लागतं?
२) चिन्हात काय घेऊ नये, कायद्याने किंवा शहाणपणाने?
३) घंटागाडीपासून पावतीपर्यंत सगळीकडे नीट उमटावं म्हणून डिझायनरला काय सांगायचं?
४) "लोगो कसले करता, आधी गटारं करा" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? हा प्रश्न चेष्टेने विचारत नाहीये, सभेत खरोखर येणार आहे.

---

शिक्कामोर्तब

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

आधी एक घोळ सोडवून घ्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे नगरपरिषद ही निगम निकाय (कायद्याने स्वतंत्र व्यक्ती मानलेली संस्था) असते आणि तिची स्वतःची सामाईक मोहर असते. करारनाम्यावर उमटते ती मोहर वेगळी आणि टी-शर्टवर छापायचं बोधचिन्ह वेगळं. दोन्ही एकच असली तरी चालतं, पण ठरावात तसं स्पष्ट लिहा: नवं चिन्ह कोणत्या तारखेपासून, मोहरेसाठीही तेच का, आणि आधीच्या मोहरेने झालेले दस्तऐवज वैध राहतील. जुने रबरी शिक्के सगळ्या विभागांकडून परत घेऊन जडसंग्रह नोंदवहीत नोंद करून पंचनाम्याने नष्ट करा. हे राहून जातं, आणि मग कुठल्या तरी कपाटातला शिक्का चार वर्षांनी एखाद्या दाखल्यावर उमटतो.

आता मालकी. बक्षीस दिलं म्हणजे चिन्ह आपलं झालं असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. स्पर्धकाने स्वतःच्या मनाने केलेल्या कलाकृतीचा स्वामित्वहक्क त्याचाच. तो नगरपरिषदेकडे यायचा तर लेखी, सही केलेलं हस्तांतरणपत्र लागतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे नीट वाचा: हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे "सर्व हक्क नगरपरिषदेकडे राहतील" एवढीच मोघम ओळ टाकली तर पाच वर्षांनी चिन्ह परत कलाकाराकडे. "स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी, फेरफार करण्याच्या अधिकारासह" असे शब्द हवेत, मोबदल्याची रक्कमही त्यातच. सही बक्षिसाचा धनादेश देताना घ्या, नंतर नाही.

आणि हे फक्त विजेत्याकडून. "आलेल्या सर्व प्रवेशिका नगरपरिषदेच्या मालकीच्या होतील" ही अट बऱ्याच जाहिरातींत असते. ती वाचून चांगला कलाकार भाग घेत नाही. तीनशे चित्रं आपली करून तुम्हाला करायचंय काय?

स्पर्धकाकडून एक घोषणापत्र: चित्र स्वतःचं आहे, विकतच्या चित्रसंग्रहातलं, तयार साच्यातलं किंवा यंत्राने बनवून घेतलेलं नाही. कॅनव्हाच्या साच्यातली चित्रं वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, त्यांच्याच अटींत तसं आहे. अंतिम पाच चिन्हं गुगल लेन्समध्ये टाकून बघा. "ट्री हँड लोगो" नावाने फिरणारी, हाताच्या ओंजळीत रोप असलेली शेकडो चित्रं सापडतील.

काय घेऊ नये:

अशोकस्तंभाचे सिंह. भारताच्या राजचिन्हाचा वापर २००५ च्या कायद्याने आणि २००७ च्या नियमांनी बांधलेला आहे. स्थानिक संस्थेला ते आपोआप मिळत नाही, आणि "थोडं वेगळं काढलंय" ही पळवाट चालत नाही, कारण कायदा मिळत्याजुळत्या नकलेलाही लागू आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा. इथे सभेत वाद होईल म्हणून नेमकं सांगतो. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत, महात्मा गांधींचंही आहे, अशोकचक्रही आहे. ती बंदी व्यापारी वापराला आणि ट्रेडमार्कला आहे, त्यामुळे नगरपरिषदेच्या भिंतीवर प्रतिमा लावायला काही अडचण नाही. पण चिन्हात प्रतिमा घेतली तर ते चिन्ह नोंदवता येणार नाही. शिवाय ते चिन्ह कचऱ्याच्या गाडीवर, गटाराच्या झाकणावर आणि जप्तीच्या नोटिशीवरही जाणार आहे, हा विचार करा. महाराजांचा संदर्भ हवाच असेल तर अष्टकोन घ्या. २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावरचा अष्टकोन राजमुद्रेवरूनच घेतलेला आहे.

निवडणूक चिन्हं. ही सगळ्यात दुर्लक्षित बाब. कमळ, हात, धनुष्यबाण, मशाल, तुतारी, रेल्वे इंजिन, हत्ती, सायकल तर सोडाच, पण गावातल्या टॉवरवरचं घड्याळ काढलं तरी पंचाईत. नारळ, शिट्टी, कपबशी ही अपक्षांना मिळणाऱ्या मुक्त चिन्हांत येतात. राज्य निवडणूक आयोगाची आरक्षित आणि मुक्त चिन्हांची ताजी यादी प्रिंट काढून निवडीच्या दिवशी टेबलावर ठेवा. २०१२ च्या उत्तर प्रदेश निवडणुकीत केंद्रीय निवडणूक आयोगाने उद्यानांतले हत्तींचे पुतळे झाकायला लावले होते. तुम्हाला दर आचारसंहितेत घंटागाड्या झाकत बसायचं नसेल तर आत्ताच टाळा. रंगांचंही तेच. एकच रंग ठळक असेल तर तो कुठल्या झेंड्याचा हे लोक पाच सेकंदांत ओळखतात.

---

कर्व्हवाला

तिसऱ्या प्रश्नावर. स्पर्धेच्या अटींतच लिहा की प्रत्येक प्रवेशिका एकाच पानावर चार रूपांत हवी: रंगीत १०० मिमी, एकरंगी काळी ३० मिमी, एकरंगी काळी १२ मिमी, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरी. निम्म्या प्रवेशिका १२ मिमीलाच गळतील, समितीचं काम हलकं होईल.

१२ मिमी का? घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली आता हातातल्या मशीनवर होते. त्यातल्या ५८ मिमी कागदावर छपाईची रुंदी ४८ मिमी, आणि दर मिमीला ८ ठिपके, म्हणजे पूर्ण रुंदीत ३८४ ठिपके. १२ मिमीच्या चिन्हाला ९६ ठिपके मिळतात. त्यात करडा रंग नसतो, ठिपका काळा तरी नाहीतर पांढरा. दोन ठिपक्यांपेक्षा बारीक रेघ, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आतली, तुटक येते. दोन रेघांमधली फटही तेवढीच हवी, नाहीतर त्या एकमेकींत मिसळतात. तुमच्या सध्याच्या चिन्हाचा काळा डाग होतो तो यामुळेच: लाटा, दाते आणि उसाची पानं यांच्यातल्या फटी एका ठिपक्यापेक्षा कमी आहेत.

रबरी शिक्क्याचा हिशेबही करा. ३० मिमी व्यासाच्या शिक्क्याचा परीघ साधारण ९४ मिमी. त्यात "अमुक नगरपरिषद, ता. अमुक, जि. अमुक", स्थापनेचं साल आणि संस्कृत ब्रीद बसवलं की अक्षराची उंची दोन मिमीच्या आसपास येते. शाई पसरते, मात्रा आणि अनुस्वार बुजतात. शिक्क्यावर फक्त नाव आणि जिल्हा ठेवा.

गाड्या. घंटागाडीच्या मागच्या डब्याचा पत्रा पन्हाळीदार असतो, तिथे स्टिकर चिकटवला की खाचांमध्ये हवा राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात कडा उचलतात. चिन्ह दारावरच्या सपाट भागात, २५० ते ३०० मिमी. छापलेलं व्हिनाइल (स्टिकरचं प्लास्टिक) नको, कापलेलं घ्या. छापील शाईत किरमिजी आणि पिवळा उन्हात आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतो, म्हणून जुने फ्लेक्स निळसर पडलेले दिसतात. कापलेल्या व्हिनाइलचा रंग पत्र्यासारखा आरपार एकच असतो, तो टिकतो. पण तो हवा तर चिन्ह दोन, फार तर तीन सपाट रंगांत असलं पाहिजे. छटा उतरत जाणारे रंग तिथे कापताच येत नाहीत.

भरतकाम (सफाई कर्मचाऱ्यांचे जॅकेट, टोप्या): देवनागरी अक्षर ८ मिमीपेक्षा लहान असेल तर टाका मात्रेत बसत नाही. रेघ किमान १ मिमी.

रंगांचे आकडे लिहून घ्या, "भगवा" आणि "निळा" एवढ्यावर सोडू नका. पडद्यावरचा निळा छपाईत जांभळा होण्याचं कारण ९०% वेळा एकच असतं: किरमिजीचं प्रमाण निळ्याच्या फार जवळ गेलेलं असतं. दोघांत किमान ३० चं अंतर ठेवा, उदाहरणार्थ १०० निळा, ६० किरमिजी. नारंगीचं उलट, ० / ६० / १०० / ० (निळा, किरमिजी, पिवळा, काळा या क्रमाने) च्या पुढे किरमिजी वाढवला की फ्लेक्सवाल्याकडे तो लालच येतो.

फाइली कोणत्या घ्यायच्या: मूळ कोरेल किंवा इलस्ट्रेटर फाइल अक्षरं जिवंत असलेली, तीच अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदललेली), एसव्हीजी, पीडीएफ, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची ३००० पिक्सेलची पीएनजी. कर्व्ह केलेली नसेल तर दुसऱ्या गावच्या छापखान्यात त्यांच्याकडे तो फॉन्ट नसतो आणि "नगरपरिषद" च्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा येतो. श्रीलिपीत काम असेल तर हे हमखास होतं.

शेवटचं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. चिन्ह फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गावातल्या निम्म्या फ्लेक्सवर चिन्हाभोवती जो पांढरा चौकोन आणि धुरकट कडा दिसतात, तो माल व्हॉट्सअ‍ॅपवरूनच उचललेला असतो.

---

देठाचा श

अक्षरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

इंग्रजी लोगोची सवय असलेला डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवून नाव रुंद करतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि "न ग र प रि ष द" असे सात तुकडे होतात. रुंद हवं असेल तर मुळातच रुंद बांध्याचा फॉन्ट निवडायचा, किंवा शिरोरेघ वेगळी आखून जोडायची.

गोलावर देवनागरी बसवणं त्याहून कठीण. सॉफ्टवेअर एकेक अक्षर फिरवून ठेवतं, त्यामुळे शिरोरेघेचा गोल न होता बहुकोन होतो आणि सांध्यांवर बारीक भेगा पडतात. उपाय असा: अक्षरं कर्व्ह करा, त्यांच्या शिरोरेघा छाटा, योग्य जाडीचा एकच कमानीचा पट्टा काढा आणि अक्षरं त्याला वेल्ड करा (जोडून एकच आकार करा). मग रफार आणि वरच्या मात्रा हाताने वळवा. तासाभराचं काम आहे, पण नव्वद टक्के सरकारी शिक्क्यांवर ते केलेलं नसतं. त्यापेक्षा नाव सरळ ओळीत चिन्हाखाली ठेवलं तर प्रश्नच मिटतो.

मराठी "ल" पाकळीचा आणि "श" देठाचा. शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तसंच आहे. पण बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळण देतात. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी रूपं आत दडलेली असतात, भाषा "मराठी" निवडली की ती येतात. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू लागतो, नाहीतर जोडाक्षरंही पाय मोडून उभी राहतात. गावाच्या नावात "ऱ्ह" किंवा "ऱ्य" असेल तर तो पहिल्याच दिवशी तपासा. कऱ्हाडच्या किती पाट्या चुकतात ते बघा.

फॉन्टची परवानगी बघा. मुक्त, बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट खुल्या परवान्यात आहेत, नोटोही तसाच. पैसे न देता, न घाबरता वापरता येतात. पण निव्वळ बालूत नाव टाइप केलं म्हणजे लोगो झाला असं नव्हे. आता मिसळीच्या दुकानापासून क्लासेसपर्यंत सगळे त्यातच आहेत.

आणखी एक: नाव चित्राच्या पोटात घालू नका. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर या तिन्ही ठिकाणी अलीकडे नावं बदलली. नाव चित्रात गुंफलेलं असेल तर नावाबरोबर चिन्हही जातं. वेगळं असेल तर फक्त खालची ओळ बदलते.

---

घाटवाट

सगळ्यांचे आभार. घड्याळाचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या वेशीवर टॉवर आहे आणि दोन सदस्यांना तोच हवा होता.

अडचण वेगळीच आहे. समितीत प्रत्येकाला काहीतरी हवंय. एकाला देऊळ, एकाला किल्ला, साखर कारखान्याच्या माणसाला ऊस, मुख्याध्यापकांना पुस्तक. एक काढलं तर त्या गटाला वाईट वाटतं, म्हणून सगळंच घ्या असं चाललंय. आणि चौथा प्रश्न राहिला.

---

परमुलुखी

बाहेरची काही उदाहरणं सांगतो, म्हणजे सभेत बोलायला मुद्दे मिळतील.

ॲमस्टरडॅमच्या चिन्हात एवढंच आहे: उभ्या ओळीत तीन तिरप्या फुल्या. शहराच्या जुन्या ढालीवरून घेतलेल्या. २००३ मध्ये त्यांनी खात्याखात्याची वेगवेगळी चिन्हं बंद करून या फुल्या सगळीकडे आणल्या. त्याआधीपासून त्या रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवर ओतलेल्या होत्याच, म्हणून लोकांना त्या नव्या वाटल्या नाहीत. तीच नगरपालिका, पण दुसरी गोष्ट बघा: "आय ॲमस्टरडॅम" ही २००४ ची जाहिरात मोहीम. त्याची माणसापेक्षा उंच अक्षरं राइक्सम्युझियमच्या मागे उभी होती. पर्यटकांची इतकी झुंबड उडाली की नगरपरिषदेनेच ठराव करून डिसेंबर २०१८ मध्ये ती तिथून हलवली. फुल्या रहिवाशांच्या, अक्षरं पाहुण्यांची. तुमचं चिन्ह कोणासाठी आहे हे आधी ठरवा. गाव तालुक्याचं आहे, पर्यटन महामंडळ नाही.

बंगळूरूच्या २०१७ च्या चिन्हाबद्दलही हेच. "भारतात स्वतःचा लोगो असलेलं पहिलं शहर" अशी बातमी आली, पण तो कर्नाटक पर्यटन खात्याने स्पर्धेतून करून घेतलेला पर्यटनाचा लोगो. महापालिकेच्या पावतीवर तो जायचा नव्हता. म्हणून त्यात कन्नड आणि इंग्रजी अक्षरांचा खेळ करणं परवडलं. तुम्हाला परवडणार नाही.

सगळंच हवं असेल तर पोर्तुगालमधल्या पोर्तोचं बघा. २०१४ मध्ये त्यांनी शहराच्या निळ्या टाइल्सवरून सत्तरच्या वर छोटी रेखाचित्रं केली: पूल, ट्राम, वाईन, चर्च, समुद्र. ती एकमेकांना जोडत भिंतीवर, बसवर कितीही पसरवता येतात. पण मुख्य चिन्ह काय? नुसतं शहराचं नाव आणि पुढे एक पूर्णविराम. तुमच्या समितीला हा मार्ग सुचवा. मुख्य चिन्ह एका गोष्टीचं, आणि देऊळ, ऊस, पुस्तक, धरण यांची त्याच रेषेच्या जाडीची छोटी चित्रं वेगवेगळ्या विभागांना. पाणीपुरवठ्याला धरण, नगरपरिषदेच्या शाळांना पुस्तक, बाजार विभागाला ऊस. कोणी गळत नाही आणि कुठेही गर्दी होत नाही.

गर्दीचं टोक बघायचं तर अमेरिकेतलं पोकाटेलो. २००४ च्या ध्वजांच्या सर्वेक्षणात दीडशे शहरांत शेवटचा नंबर. तो ध्वज मुळात जाहिरातीचा लोगो होता, त्यावर ट्रेडमार्कची खूणसुद्धा तशीच छापलेली. २०१७ मध्ये बदलला.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर खर्चाच्या कागदावर द्या. मेलबर्नने २००९ मध्ये नव्या "एम" वर दोन लाख चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च केले तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच आकडा मथळ्यात घेतला. चिन्ह पुढे लोकांनी स्वीकारलं, पण पहिली टीका चित्रावर नव्हती, पैशावर होती. त्यामुळे "गटारं करा" म्हणणारा माणूस चुकीचं काही बोलत नाही. त्याला सांगा की पाट्या, पावतीपुस्तकं, शिक्के दर्जावाढीमुळे कसेही बदलायचेच आहेत, त्यासाठीचा खर्च अंदाजपत्रकात आहेच, चिन्हाचा वाढीव खर्च फक्त बक्षिसाचा. आणि अनावरणाचा समारंभ करू नका. चिन्हापेक्षा मंडपाचं बिल मोठं झालं की त्याचं म्हणणं खरं ठरतं.

न्यूयॉर्कचं लाल बदाम असलेलं चिन्ह मिल्टन ग्लेझरने सत्तरच्या दशकात टॅक्सीत पाकिटाच्या तुकड्यावर काढलं आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत, हा किस्सा सभेत कोणीतरी सांगेलच. त्यावरून "बघा, फुकटात होतं" असा निष्कर्ष निघू देऊ नका. २०२३ मध्ये त्यावरूनच "आय" च्या जागी "वी" घालून नवं रूप काढलं तेव्हा लोकांनी धुलाई केली.

---

बारव

परमुलुखींच्या विभागवार चित्रांना माझं अनुमोदन, पण मुख्य चिन्हाचा विषय कसा निवडायचा हे राहतंच.

एक चाचणी घ्या. चिन्हाखालचं तुमचं नाव झाका आणि शेजारच्या पाच तालुक्यांची नावं एकेक करून तिथे ठेवा. चिन्ह तरीही शोभत असेल तर ते तुमचं नाही. किल्ला, सूर्य, लाटा, दातेरी चक्र अर्ध्या महाराष्ट्राला शोभतात. कोकणात त्याच जागी माड, होडी आणि तोच सूर्य.

न शोभणारी गोष्ट बहुतेक वेळा फार मोठी नसते. मनमाडला गाडीतून दिसणारी हडबीची शेंडी घ्या: अंगठा वर केल्यासारखा एकच सुळका, चार रेघांत काढता येतो आणि दुसऱ्या कुठल्याही गावाला लावता येत नाही. लोणारला एक वर्तुळ आणि त्याची खडबडीत कड पुरते. सावंतवाडीचा गंजिफा तर मुळातच गोल असतो, दशावतारी जोडात दहा रंगांचे १२० पत्ते, त्यातल्या एका पत्त्याची कड आणि मध्ये एक खूण एवढ्यात चिन्ह उभं राहील. ही माझी कल्पना, तिथे असं चिन्ह आहे असं म्हणत नाही. तुमच्याकडे बारव असेल तर वरून दिसणाऱ्या पायऱ्यांचा नकाशा बघा. चौकोनात चौकोन, अगदी १२ मिमीतही सुटसुटीत येतो. किल्लाच घ्यायचा तर तटबंदीचे दाते नकोत, एसटी स्टँडवरून डोंगराची जी कड दिसते तीच घ्या. फोटो काढा, त्यावर ट्रेसिंग ठेवा, उंचसखलपणा तिप्पट वाढवा. खऱ्या प्रमाणात काढलेला डोंगर चिन्हात सपाट पडतो.

देवळाबद्दल थोडं जपून. कळस काढला की दुसऱ्या वस्तीतले लोक चिन्ह वापरत नाहीत, विरोध करत नाहीत, नुसते वापरत नाहीत. तुम्हाला ते कळतही नाही.

आणि स्पर्धा तयार चिन्हांची घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या माणसाला गाव माहीत असतं, पण त्याला कर्व्ह येत नाहीत. मुंबई-पुण्याच्या डिझायनरला कर्व्ह येतात, त्याला तुमचं गाव गुगल नकाशावर दिसतं. ५१ हजारांची फोड करा. २० हजार कल्पनेच्या स्पर्धेला, अट एवढीच की एक विषय, हाताने काढलेलं चित्र आणि शंभर शब्दांत कारण. शाळांतून पेट्या ठेवा. ३१ हजारांत जिल्ह्यातल्याच एका कारागीर डिझायनरकडून निवडलेल्या विषयाची तीन रेखाटनं, एकाचं अंतिम काम आणि कर्व्हवाल्यांनी सांगितलेल्या सगळ्या फाइली. त्याच्याशी करार थेट होतो, त्यामुळे शिक्कामोर्तब यांनी लिहिलेलं हस्तांतरणही सोपं जातं.

ब्रीदवाक्य हवंच असेल तर ते काही सांगणारं असावं. मुंबई महापालिकेचं "यतो धर्मस्ततो जयः" सर्वोच्च न्यायालयाचंही तेच आहे. पुणे महापालिकेचं "वरं जनहितं ध्येयम्" निदान कामाबद्दल बोलतं. मराठीत सरळ लिहिलं तरी कोणी अडवलेलं नाही.

---

घाटवाट

चाचणी आजच समितीच्या ग्रुपवर टाकली. किल्ला पहिल्याच फेरीत गेला. बारव आहे, गाळ काढलेली, पायऱ्या शाबूत. कल्पनेची स्पर्धा तरीही घेऊ, लोकांना वेगळंच काही सुचेल.

दोन शेवटच्या शंका. जुनं चिन्ह सगळीकडून एकदम काढायचं का? आणि गटाराच्या झाकणांची मागणी पुढच्या महिन्यात जाणार आहे, त्यावर चिन्ह घ्यावं का?

---

कर्व्हवाला

एकदम काढू नका. शिक्का, पावतीची मशीनं, वेबसाइट आणि लेटरहेड ठरावाच्या तारखेला बदला. गाड्या रंगवायला जातील तेव्हा, पाट्या बदलतील तेव्हा. इमारतीवरचं दगडात कोरलेलं जुनं चिन्ह असेल तर त्याला हात लावू नका.

झाकणांवर घ्या, पण चिन्ह ठरेपर्यंत मागणी थांबवता येत नसेल तर नुसतं नाव आणि साल टाका. घाईत अर्धवट चित्र ओतून घेतलं तर ते वीस वर्षं रस्त्यात राहतं. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकण वाळूच्या साच्यात ओततात, त्यामुळे उठावाच्या कडा थोड्या तिरप्या हव्यात, नाहीतर नमुना काढताना साच्याची वाळू तुटते. रेघ ५ मिमीपेक्षा जाड, उठाव ३ मिमीच्या आसपास, आणि दोन रेघांमध्ये रेघेइतकीच जागा. एफआरसी (तंतू घातलेल्या) काँक्रीटचं झाकण असेल तर रेघ आणखी जाड धरा, कारण कडा लवकर झिजतात. मात्रा, वेलांट्या असलेलं नाव झाकणावर ४० मिमी उंचीपेक्षा लहान घेऊ नका. बारवेच्या पायऱ्यांचे चौकोन मात्र बीडात उत्तम उतरतील, आणि त्यांच्यामुळे पावसात झाकणावरून पाय घसरणंही कमी होईल.